काशीकाकांच्या पिंडाला नेमकं काय शिवलं

आमच्या काशीकाकांचा दहावा गोराईच्या खाडीवर झाला, आणि तो झाला की नाही यावर घरात अजून एकमत नाही.

खाडीची जागा गुरुजींनीच सुचवली. बोरिवलीत कावळे कमी झालेत, खाडीवर भरपूर, असं त्यांचं म्हणणं. कावळे खरंच भरपूर होते. फक्त शेजारीच बोंबील वाळत घातले होते आणि समस्त कावळे तिकडे गेले होते. समोर एवढे बोंबील दिसत असताना भाताच्या गोळ्याकडे कोण येणार? मी कावळा असतो तर मीही आलो नसतो, आणि मी तर सख्खा पुतण्या.

काकांना मुलगा नाही, एकच मुलगी, जान्हवी. म्हणून क्रियेला मी बसलो होतो. टक्कल, ओला पंचा, बोटात दर्भाची अंगठी, आणि समोर पत्रावळीवर पिंड. पिंडाशेजारी काकांच्या आवडीचं म्हणून सुलक्षणाकाकूने चहा आणि खारी ठेवली होती. धोंडिरामकाकांनी, म्हणजे काकांच्या गिरणीतल्या मित्राने, गुरुजींची पाठ वळल्यावर एक तळलेला बांगडा हळूच पत्रावळीवर सरकवला. मी बघितलं तर म्हणाले, "गप रव. काश्याक खारी कधी आवडली नाय. ती सुलक्षणाची आवड."

कावळा शिवेना. आता कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा मागे राहिली, आणि मग एकेकाने पुढे येऊन शब्द द्यायचा असतो. हा प्रकार साधारण लिलावासारखा चालतो. फक्त समोरची पार्टी काही बोलत नाही.

पहिली काकांची बहीण, कमलआत्या, पुढे झाली. "दादा, सुलक्षणाला आम्ही अंतर देणार नाही." काही नाही.

आत्याचा मुलगा विकी मोबाईलवर शूटिंग करत होता. तो तसाच म्हणाला, "मामा, तुमच्या रेडिओत नवीन सेल टाकतो." काही नाही.

धोंडिरामकाका म्हणाले, "काश्या, तुझो कॅरमचो स्ट्रायकर माझ्याकडे आसा. परत देतंय." काही नाही. उलट जमलेल्यांत जरा कुजबुज झाली, कारण त्या स्ट्रायकरच्या चोरीचा आळ आजवर माझ्यावर होता.

मग आत्याने पदर खोचला आणि मुद्द्याला हात घातला. "दादा, काळजी करू नको. जान्हवीचं लग्न आपल्यातलाच मुलगा बघून लावून देऊ." एक कावळा दोन उड्या मारत पिंडाच्या जवळ आला होता. तो हे ऐकून परत गेला. मी डोळ्यांनी पाहिलं, पण मला कुणी साक्षीला धरत नाही.

इथे थोडं सांगायला हवं. जान्हवीला प्रबुद्धशी लग्न करायचं होतं. प्रबुद्ध मुलुंडचा, बौद्ध घरातला. गाड्यांच्या अपघातांची पाहणी करणारा सर्व्हेअर आहे, चेपलेला दरवाजा बघून कोण कुणाला धडकलं ते सांगतो. जान्हवीने हे काकांना सांगितलं तेव्हा काका "बघू" म्हणाले, आणि नंतर गेले. आता काका प्रत्येक गोष्टीला बघू म्हणायचे. गावाला जायचं का, बघू. भेंडी आणू का, बघू. त्यातले कुठले होकार होते नि कुठले नकार हे ते हयात असतानाच कुणाला कळलं नव्हतं.

तर जान्हवी पुढे आली. तिने हात जोडले नाहीत की डोळे मिटले नाहीत. "बाबा," ती म्हणाली, "मी प्रबुद्धशीच लग्न करणार आहे."

आणि आमच्या डोक्यांवरून काहीतरी आलं.

काहीतरी म्हणजे प्रचंड, तपकिरी, पंखांचं. वारा लागला. गुरुजी खाली बसले. मी आधीच बसलेला होतो म्हणून आडवा झालो. उठून बघतो तर पत्रावळ उलटी, चहा वाळूत, आणि पिंड नाही. बांगडाही नाही.

मग कावळा आला. उलट्या पत्रावळीभोवती फिरला, आमच्याकडे बघितलं, खारी उचलली आणि गेला.

"झालं का?" काकूने गुरुजींना विचारलं.

गुरुजी उपरणं झटकत म्हणाले, "हात जोडा." ते काय होतं, हे मात्र बोलले नाहीत. कावळा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, तशी सोय असते. पण लावायला पिंड हवा ना.

*

घरी पोचेपर्यंत पक्षी वाढायला लागला होता. खाडीवर तो "मोठा" होता. रिक्षात बसताना धोंडिरामकाकांच्या हिशोबाने त्याचे पंख रिक्षाएवढे झाले. दौलतनगरला घरात चहा होईस्तोवर टेम्पो.

"गरुड तो," धोंडिरामकाका म्हणाले. "जान्हवी बोलली आणि गरुड इलो. काश्यान हो म्हटल्यान. विषय संपलो."

"गरुड कसला, घार ती घार," कमलआत्या म्हणाली. "बांगड्याचा वास आला म्हणून आली. कुणी ठेवला होता बांगडा?"

धोंडिरामकाका चहा पिऊ लागले.

शेवटी काकूने गुरुजींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. गुरुजींनी विचार करून सांगितलं की शास्त्रात कावळा आहे. पण गरुड असेल तर ते साक्षात विष्णूचं वाहन, म्हणजे कावळ्याच्या वरची पायरी. चालेल. किंबहुना उत्तमच.

"आणि घार असेल तर?" आत्याने विचारलं.

"घार असेल तर…" गुरुजी जरा थांबले. "दुसऱ्या यजमानांचा फोन येतोय. कळवतो."

म्हणजे आता प्रश्न सोपा झाला होता. गरुड असेल तर काकांचा होकार. घार असेल तर नुसती चोरी.

काकू भिंतीला टेकून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "मला ह्यांचं उत्तर कळू दे. ते कळल्याशिवाय मी हो म्हणायची नाही की नाही म्हणायची नाही. ह्यांना विचारल्याशिवाय मी कधी पडदेसुद्धा बदलले नाहीत."

विकीने शूटिंग काढलं. व्हिडिओत पहिल्यांदा माझं टक्कल, मग जान्हवी, मग एक तपकिरी झपका, मग आकाश, मग बराच वेळ विकीचा अंगठा. त्याने तो झपका थांबवून एका ॲपला दाखवला. ॲप म्हणालं, मोर. दुसरा फोटो दाखवला. ॲप म्हणालं, छत्री. तिसऱ्यांदा चुकून माझ्या डोक्याचा गेला, त्याला मात्र ॲपने ठामपणे काहीतरी अंडं म्हटलं.

"प्रबुद्धला विचारा," जान्हवी म्हणाली. "तो दर सुट्टीला दुर्बीण घेऊन पक्षीच बघत फिरतो."

"वा!" आत्या टाळी वाजवायची बाकी होती. "म्हणजे नवऱ्या मुलालाच विचारायचं, बाबा, तुझं लग्न ठरलं का? तो गरुडच म्हणणार. चिमणी दाखवलीस तरी गरुड म्हणेल."

"म्हणू दे," काकू म्हणाली. "बोलव त्याला. एकदा बघते तरी."

*

प्रबुद्ध त्या घरात पहिल्यांदाच येत होता. चपला काढून दारातच उभा राहिला. उंच, शांत, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. हातात फुलं नव्हती, मिठाई नव्हती, लॅपटॉप होता.

"बस," काकू म्हणाली.

"आधीच सांगतो, काकू," तो बसत म्हणाला. "श्राद्ध, पिंडदान करायचं नाही, अशी आमच्याकडे प्रतिज्ञाच आहे. त्यामुळे पिंडाचं मला काही कळत नाही. मी फक्त पक्ष्यासाठी आलोय."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी टकलावरून हात फिरवला. अशा वेळी तेवढंच करता येतं.

त्याने व्हिडिओ मोठा केला आणि एकेक चित्र पुढे सरकवत बघू लागला. सगळे त्याच्या खांद्यावरून. जान्हवी समोर बसून त्याला डोळ्यांनी काहीतरी सांगत होती. तो वर बघेचना.

"रंग तपकिरी आहे," तो म्हणाला. "खाडीवर समुद्रगरुड असतो. मोठेपणी पोट पांढरंशुभ्र होतं त्याचं, पण पिल्लू असताना पूर्ण तपकिरी. लोक त्याला घार समजतात."

"बघा!" धोंडिरामकाका म्हणाले.

"पण घार पण तपकिरीच."

"बघा!" आत्या म्हणाली.

"घारीच्या शेपटीला मधे खाच असते. गरुडाची शेपटी आखूड, पाचरीसारखी."

"मग इथे खाच आहे का?" काकूने विचारलं.

"दिसत नाहीये. पण झडप घालताना घार शेपूट पूर्ण पसरते, मग खाच दिसत नाही."

असलेली खाच दिसत नाही आणि नसलेली पण दिसत नाही, हे कळायला प्रत्येकाला आपापला वेळ लागला. विकीला अजून लागतोय.

"नंतरचं बघू," प्रबुद्ध म्हणाला. नंतर अंगठा होता. अंगठ्याच्या कडेला एक काळा ठिपका दूर जात होता. प्रबुद्ध तिथे अडकला. पुढे, मागे, परत पुढे. "हा बघा, पाय पुढे घेऊन मान खाली करतोय. उडता उडता खातोय. गरुड असं सहसा करत नाही, तो उचलून नेतो आणि बसून खातो. उडता उडता खायची सवय घारीची."

"अंदाजे म्हणतोस की नक्की?" जान्हवीने दात आवळून विचारलं.

"नक्की नाही," तो म्हणाला. जान्हवीने श्वास सोडला. तेवढ्यात तो परत मागे गेला, अगदी झडपेनंतरच्या क्षणाला, आणि बोट ठेवलं. पक्ष्यावर नाही. खाली बसलेल्या गुरुजींच्या पाठीवर.

गुरुजींच्या पांढऱ्या उपरण्यावरून एक सावली जात होती. सकाळचं ऊन तिरकं, सावली स्वच्छ. दोन लांब पंख, आणि मागे मिटत आलेली शेपटी. शेपटीला मधोमध खाच. कात्रीने कापल्यासारखी.

"घार आहे," प्रबुद्ध म्हणाला.

जान्हवी उठून उभी राहिली. "गरुड म्हणायला काय झालं होतं तुला? तीन अक्षरं रे! तीन!"

"खाच आहे गं, जान्हवी."

"असू दे ना खाच! तुझ्या लग्नाला खाच पडली त्याचं काय?"

खरं म्हणजे इथे कमलआत्याने जिंकायला हवं होतं. घार ठरली, होकार गेला. पण आत्याचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. लॉटरीचं तिकीट फुकट हातात ठेवणाऱ्या माणसाकडे बघावं तशी ती प्रबुद्धकडे बघत होती.

"तू घार का म्हणतोयस?" तिने विचारलं.

"घार आहे म्हणून."

"तुझं नुकसान आहे त्यात."

"हो."

"मग म्हणतोयस कशाला? काय डाव आहे?"

"आत्या, डाव नाही. घारी माणसाला घाबरत नाहीत, हातातलं पण नेतात. देवनारला कचऱ्यावर तर शेकड्याने असतात. तसलीच एखादी."

हे ऐकलं मात्र, आणि आत्या उसळली. "कचऱ्यावरची? माझ्या दादाचा पिंड देवनारच्या कचऱ्यावरची घार घेऊन गेली म्हणतोस? अरे, चाळीत पहिला टीव्ही माझ्या दादाचा! गरुडच होता तो!"

"आत्या," मी म्हटलं, "गरुड म्हणजे लग्नाला होकार."

"तू गप रे टकल्या. आधी दादाचा मान बघू, लग्नाचं नंतर."

आता धोंडिरामकाकांची पंचाईत झाली. सकाळपासून गरुड धरून बसलेला माणूस, पण सावली त्यांनी चष्मा लावून स्वतः बघितली होती. "कमल, खाच आसा गो," ते प्रबुद्धकडे हात करून पडेल आवाजात म्हणाले. "झील शिकलेलो आसा. खोटा कित्याक सांगात?"

"तुम्ही बांगड्याचं बोला आधी!"

एवढ्यात गुरुजींचा फोन आला. त्यांनी चौकशी केली होती, आणि घार असली तरी चालवून घेता येईल असं त्यांचं मत पडलं होतं. आत्या फोनवर ओरडली, "गरुड होता, गुरुजी!" गुरुजी म्हणाले, "मग प्रश्नच मिटला." धोंडिरामकाका ओरडले, "घार होती!" गुरुजी म्हणाले, "मग कळवतो," आणि फोन ठेवला.

लग्नाच्या विरोधातली आत्या गरुडाच्या बाजूने, लग्नाच्या बाजूचे धोंडिरामकाका घारीच्या बाजूने, आणि ज्याचं लग्न तो स्वतःच्या विरोधात. मी कुणाच्या बाजूला बसावं हे न कळून स्वयंपाकघरात गेलो. परत आलो तेव्हा काकू उभी होती.

"चल गच्चीवर," ती प्रबुद्धला म्हणाली. "मला दाखव. जिवंत. सुबोध, तूही ये, मला जिन्यात हात लागतो."

*

आमच्या गच्चीवरून एका बाजूला नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात आणि दुसऱ्या बाजूला टॉवर. मधल्या आकाशात संध्याकाळी घारी असतात. मी तिथेच वाढलो, पण त्या मोजाव्यात किंवा बघाव्यात असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या पंख्यासारख्या, फिरतच असायच्या.

प्रबुद्धने काकूच्या गळ्यात दुर्बीण अडकवली. पहिल्यांदा तिला टाकी दिसली. मग टॉवरमधली एक बाई दिसली, पोळ्या लाटणारी. काकू तिच्यावर जरा रेंगाळली. मग आकाश सापडलं.

"शेपूट बघा, काकू. ती सारखी वळवते, सुकाणूसारखी. डावीकडे, उजवीकडे."

"दिसली. आणि खाच पण दिसली."

"ती घार."

"ही?"

"ही पण घार."

"ती लांबची?"

"तुम्ही सांगा."

काकूने बराच वेळ घेतला. मान वर, पदर वाऱ्यावर. "पंख आडवे आहेत, शेपूट वळवतेय. घार." प्रबुद्धने मान डोलावली, आणि काकूच्या चेहऱ्यावर काका गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी हललं. मग ती एकटीच सुरू झाली. घार. घार. ही घार. तो कावळा, लबाड. डोंगराकडून एक पक्षी खूप उंच आला, पंख वर उचललेले, एकदाही न हलवता गेला. काकूने दुर्बीण खाली घेतली. "ही घार नाही."

"नाही. सर्पगरुड असावा. उजेड कमी आहे, मी नक्की नाही सांगत."

काकू कठड्याला टेकली. "मग आपली ती आली ती कशाला?"

"भूक लागली असेल. मासा दिसला. सकाळी थंडीत त्यांना लवकर उठता येत नाही, ऊन तापलं की निघतात, तेव्हा भुकेल्या असतात."

"म्हणजे ह्यांनी नाही पाठवली."

प्रबुद्धने ठोकलेल्या गाडीकडे बघावं तसं त्या वाक्याकडे सगळ्या बाजूंनी बघितलं. "कुठला पक्षी ते मला सांगता येतं, काकू. कुणी पाठवला ते नाही येत."

"साधारण?"

"साधारण मी सांगत नाही."

"आमच्या घरात सगळे साधारणच सांगतात," काकू म्हणाली.

मला वाटलं ती रडणार. मी खिशात रुमाल चाचपला, नव्हता. पण ती रडली नाही. ती वैतागली होती. बँकेत तासभर उभं राहिल्यावर खिडकी बंद व्हावी तशी.

"लग्न माझ्या बाबांनी ठरवलं," ती म्हणाली. "मुंबईला यायचं ह्यांनी ठरवलं. गिरणी बंद पडली, ती कुणी ठरवली मला अजून माहीत नाही. एकच पोर पुरे, हे सासूने. निदान जाताना हे एवढं एक ठरवून जातील म्हटलं, तर मधे घार आली." तिने परत वर बघितलं. चारपाच जणी फिरत होत्या, कुणाचंही लक्ष आमच्याकडे नव्हतं. "म्हणजे आता मलाच ठरवायला लागणार."

प्रबुद्धला बोलायचं होतं असं वाटलं, पण हा प्रश्न त्याला विचारलेला नव्हता, आणि न विचारलेल्याचं उत्तर तो देत नाही.

काकूने दुर्बीण गळ्यातून काढली. पट्टा तिच्या अंबाड्यात अडकला, तो मी सोडवला. दुर्बीण तिने प्रबुद्धच्या हातात दिली नाही. स्वतःच्या पदराने काचा पुसल्या, झाकणं लावली आणि काखेत धरली.

"तेराव्याला ये," ती म्हणाली. "सकाळी नको, तुमच्यात चालत नाही ते. क्रिया आटपली की ये, जेवणाच्या आधी. खाली सोसायटीच्या हॉलमधून खुर्च्या आणायच्या आहेत. सुबोध चार खुर्च्या आणतो नि पाणी मागतो."

"येतो," प्रबुद्ध म्हणाला.

"आणि आईला घेऊन ये."

प्रबुद्धच्या कपाळावर आठी पडली. घार सोडून दुपारपासून पहिल्यांदाच तो एखाद्या गोष्टीवर अडकला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग काकूकडे. "आई… तिचे गुडघे दुखतात, काकू. तिला खुर्च्या उचलता येणार नाहीत."

"उचलायला कोण सांगतंय?" काकू जिन्याच्या दारातून म्हणाली. "बसायला आण."